बुलबुलतरंग आणि बेंजो

गेल्या थंडीत तीन महिने लेकीकडे दुबईला राहून आले. थंडी म्हणजे आपली सकाळी एक शाल लागते एवढीच. लेक-जावई कामावर, नात शाळेत, आणि मी गॅलरीत बसून समोरच्या इमारतीच्या खिडक्या मोजतेय. शेजारच्या घरात दोन फिलिपिनो मुली राहायच्या, दोघी नर्स. त्यातली एक शनिवारी संध्याकाळी गॅलरीत येऊन एवढंसं गिटारसारखं वाद्य वाजवत बसायची. चार तारा, तान्ह्या बाळासारखं छातीशी धरलेलं. मी नातीला विचारलं, हे काय गं? ती म्हणाली, "आजी, युकुलेली. एवढंही माहीत नाही?"

हळूहळू त्या मुलीशी ओळख झाली. मराठी माध्यमातून बी.ए. केलेल्या बाईचं इंग्रजी आणि तिचं इंग्रजी, दोन्ही सारखंच लंगडं, त्यामुळे छान जमलं. ती मला 'लोला' म्हणायची. म्हणजे त्यांच्याकडे आजी. ती सेबूची. तिथल्या माक्तान बेटावर गिटारी बनवणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि मोठ्या गिटारींच्या शेजारी ही चिमुकली वाद्यंही टांगलेली असतात. स्पॅनिश लोक तिथे तीनशेहून जास्त वर्षं होते, १५६५ पासून १८९८ पर्यंत. तारांची वाद्यं त्यांनी आणली आणि ती तिथलीच होऊन गेली. मुलीच्या खिडकीखाली उभं राहून तरुणानं गिटारीवर गाणं म्हणायचं, अशीही एक जुनी चाल होती, तिला म्हणतात हाराना. "माझ्या आईसाठी बाबांनी म्हटलं होतं," असं ती लाजून म्हणाली. जणू खिडकीत तीच उभी होती!

मी विचारलं, मग हे तुमचं जुनं वाद्य का? तर ती हसली. "नाही लोला, हे हवाईचं. पण आमच्या घरात कायम होतं."

रात्री जावयाला ते इंटरनेटवर बघायला लावलं. तर ते धड हवाईचंही नाही. १८७९ मध्ये पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून उसाच्या मळ्यांवर काम करायला मजुरांची एक बोट होनोलुलूला गेली. त्यात तिघे सुतारकाम जाणणारे होते. त्यांनी आपल्या गावचं छोटं वाद्य तिथल्या लाकडात बनवायला सुरुवात केली. हवाईच्या लोकांनी त्याला नाव दिलं युकुलेली, म्हणजे उड्या मारणारी पिसू. तारांवर बोटं तशी उडतात म्हणून म्हणे. पुढे १९०६ पासून त्याच मळ्यांवर फिलिपिनो मजूर जायला लागले. म्हणजे पोर्तुगीज मजुराचं वाद्य आज दुबईच्या गॅलरीत सेबूची नर्स वाजवते, आणि तिला ते आईच्या खिडकीइतकं आपलं वाटतं. (पोर्तुगीज म्हटल्यावर मला आधी चिमाजीअप्पा आणि १७३९ ची वसईच आठवते. इतिहासाचे तास घेतल्याचा परिणाम.)

त्या रात्री झोप काही लागली नाही. डोक्यात युकुलेली नव्हती. डोक्यात आमच्या माळ्यावरची एक काळी पेटी होती, आणि तिच्या पाठोपाठ एक मुलगा.

आधी पेटीचं सांगते. माझं लहानपण गिरगावातल्या चाळीत गेलं. दोन खोल्या, नऊ माणसं. धाकटे काका फोर्टातल्या एका कचेरीत टायपिस्ट होते. त्यांनी चोरबाजारातून एक वाद्य आणलं होतं, बुलबुलतरंग. हातभर लांबीची चपटी लाकडी पेटी, वर ताणलेल्या तारा आणि तारांवर टाइपरायटरसारखी गोल बटणं. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्या हातातल्या पट्टीने तार छेडायची. बटण दाबलं की खालची धातूची पट्टी तारेवर बसते आणि तेवढ्यापुरती तार आखूड होते. म्हणजे काय, तर सतारीच्या पडद्यावर बोट जिथे ठेवायचं ते शोधावं लागत नाही, ते काम यंत्र करतं. त्यामुळे कुणालाही आठवडाभरात एखादी चाल वाजवता येते. काकांना तर काय, बोटांना सवयच होती. जेवणं झाली की गॅलरीत चटई टाकून ते भावगीतं वाजवायचे आणि आजूबाजूच्या चार बिऱ्हाडांतून फर्माइशी यायच्या. बटणांवर आकडे होते. काकांच्या वहीत गाणीही आकड्यांतच लिहिलेली असायची. त्यांचे वडील, म्हणजे आमचे आजोबा, वही बघून म्हणायचे, "हा गाणी लिहितोय की हिशेब?"

पेटीच्या झाकणावर सोनेरी रंगात काही अक्षरं होती. आम्ही मुलं त्यांना चिनी अक्षरं म्हणायचो.

ती जपानी होती, हे मला फार पुढे कळलं. हे वाद्य १९१२ साली नागोया शहरात मोरिता गोरो नावाच्या माणसाने काढलं. त्यांच्याकडे कोतो नावाचं मोठं तंतुवाद्य आहे, त्याचाच एक दोन तारांचा साधा प्रकार होता. त्याला त्याने टाइपरायटरसारखी बटणं बसवली. त्याच वर्षी जपानात नवा सम्राट आला आणि तैशो नावाचा कालखंड सुरू झाला, म्हणून नाव तैशोगोतो. महागडी तालीम परवडत नाही त्या साध्या माणसाच्या घरात वाद्य असावं, असं हे वाद्य. तिथून ते कुठे कुठे गेलं बघा. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, मोंबासाकडे, तारब नावाचं गाणं आहे, त्यात ते शिरलं. बलुचिस्तानात त्याचा आकार वाढला, तारा वाढल्या आणि ते झालं बेंजू. तिथले मोठमोठे वादक आज त्याला बलुची वाद्यच मानतात. आपल्याकडे ते झालं बुलबुलतरंग.

मुंबईपुरतं मला यात एक गंमत वाटते. १८९३ मध्ये जपानी आगबोट कंपनीने मुंबई ते जपान अशी नेमाची फेरी सुरू केली. त्यामागे जमशेटजी टाटांचा पुढाकार होता आणि न्यायचा माल होता आपला कापूस. आपल्या कापसावर जपानच्या गिरण्या चालल्या, आणि पुढे त्यांचं स्वस्त कापड आपल्या गिरण्यांच्या मुळावर आलं. इतकं की १९३३ मध्ये सरकारला ब्रिटिशांखेरीज इतरांच्या सुती कापडावर ७५ टक्के जकात बसवावी लागली. ज्या देशाच्या कापडाने लालबाग-परळच्या गिरण्यांना घाम फोडला, त्याच देशाचं वाद्य लालबाग-परळच्या गल्ल्यांनी डोक्यावर घेतलं. तिथे त्याला कुणी बुलबुलतरंग म्हणालं नाही. तिथे तो बेंजो.

खरं सांगते, बेंजो आणि काकांचं बुलबुलतरंग ही एकच वस्तू आहे, हे माझ्या चाळिशीपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. म्हणजे डोळ्यांना दिसत होतं, पण डोकं मानत नव्हतं. बुलबुलतरंग म्हणजे गॅलरी, चटई, भावगीत, हळू आवाज. बेंजो म्हणजे हातगाडीवर बांधलेले भोंगे, हळदीचा धिंगाणा, विसर्जनाची मिरवणूक. बेंजोवाले वाद्याला पिकअप लावून आवाज भोंग्यातून सोडतात. पोलादी तारेचा तो कडक आवाज ढोलकी आणि ढोलांच्या वरून सरळ निघतो आणि गल्लीच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसालाही चाल कळते. मिरवणुकीत चाल कळणं महत्त्वाचं. नुसत्या ठेक्यावर पाय हलतात, पण चाल आली की माणूस हात वर करतो.

मी बारा-तेरा वर्षांची असताना दोन वर्षं ऑपेरा हाऊसजवळ देवधरांच्या संगीत शाळेत गाणं शिकायला जात होते. १९२५ पासूनची ती शाळा, कुमार गंधर्व तिथे शिकले. मला यथातथाच यायचं, पण आपण 'शास्त्रीय' शिकतो याचा ताठा मात्र पुरेपूर आला. (हा माझा गुण, शाळेचा नव्हे.) बेंजोतून मींड निघत नाही, सूर ठोकळ्यासारखे सुटे पडतात, असं मी मोठ्या अधिकाराने सांगायची. पण मींड तर पेटीतूनही निघत नाही! पॅरिसला १८४२ मध्ये पेटंट घेतलेलं ते वाद्य, त्याला आकाशवाणीवर १९४० मध्ये बंदी आली आणि ती १९७१ पर्यंत काही उठली नाही. तरी गोविंदराव टेंब्यांची पेटी म्हटलं की आमच्या घरात सगळे कानाला हात लावायचे. परदेशी पेटीला हा मान, आणि परदेशी बेंजोला काय? तर 'बडवणं'.

आता त्या मुलाचं.

परळच्या एका शाळेत मी मराठी आणि इतिहास शिकवत होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार घरी बसले. तो संप कुणी मागे घेतलाच नाही, म्हणजे कागदोपत्री तो अजून संपलेला नाही. आमच्या वर्गातली निम्मी मुलं गिरणी कामगारांची. आधी डबे लहान झाले, मग डबे येईनासे झाले. कुणाचं बिऱ्हाड कोकणात गेलं, कुणी मधल्या सुट्टीनंतर परत येईना. आम्ही शिक्षकांनी थोडे पैसे गोळा करून वह्या वाटल्या, तेवढं केलं. तेवढंच केलं.

१९८३ च्या भाद्रपदातली गोष्ट. आठवीच्या वर्गातला एक मुलगा रोज माझ्या तासाला झोपायचा. हुशार नव्हता, पण निबंध बरा लिहायचा. चौकशी केल्यावर कुणीतरी सांगितलं, बाई, तो मामाच्या बेंजो पार्टीत जातो, रात्री उशिरा येतो. मला काय झालं कुणास ठाऊक. त्याला उभं केलं आणि सगळ्या वर्गासमोर म्हटलं, "बेंजो बडवून पोट भरणार आहेस का?"

वर्ग हसला. तो काही बोलला नाही. खाली बघत उभा राहिला. त्याच्या उजव्या हाताचं बोट फुटलेलं होतं, त्याला चिंधी बांधली होती. हे मी तेव्हाच पाहिलं होतं. नंतर आठवलं असं नाही.

दिवाळीनंतर तो शाळेत आला नाही. त्याच्या घरी जाऊन चौकशी करायला हवी होती. शाळेपासून दहा मिनिटांवर चाळ होती. मी गेले नाही. माझ्या घरी लहान मूल होतं, सासूबाई आजारी होत्या, ही कारणं खरी आहेत. पण दहा मिनिटं म्हणजे दहाच मिनिटं.

त्यानंतर दरवर्षी गणपतीत बेंजो कानावर पडला की मला ते बोट आठवायचं. लग्न होऊन मी दादरला आले होते, तरी अनंत चतुर्दशीला गिरगावात माहेरी जायचा नेम होता. लालबागहून निघालेले गणपती दुसऱ्या दिवशी सकाळी चौपाटीला पोचायचे. मी गॅलरीतून प्रत्येक गाडीवरचा बेंजोवाला बघायची. इतक्या उंचीवरून आणि गुलालातून चेहरा काय दिसणार? पुढे ढोलताशांची पथकं आली, कीबोर्ड आले, डीजे आले. २००० च्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनंतर रात्री दहाची मर्यादाही आली. बेंजो आता पूर्वीइतका ऐकू येत नाही, पण गेलाय असंही नाही. हळदी तर अजून त्याच्यावरच होतात.

असो. तर दुबईहून परत आले आणि माळ्यावरून काकांची पेटी काढली. तीन तारा तुटलेल्या, बटणं अडकलेली. जुन्या विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप आहे, तिथे विचारलं, लालबाग-परळात बेंजो दुरुस्त करणारं कुणी आहे का? दहा मिनिटांत एकाने नंबर पाठवला. खाली लिहिलं होतं, "बाई, हा आपल्याच शाळेचा आहे. तुमच्याच वर्गात होता." नाव वाचलं आणि फोन हातातून खाली ठेवला. दोन दिवस केला नाही.

तिसऱ्या दिवशी टॅक्सी करून गेले. लालबागमध्ये एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर अरुंद खोली. भिंतीला टांगलेले चार-पाच बेंजो, कोपऱ्यात भोंगे, टेबलावर डागण्याची इस्त्री. तो आता पंचावन्न-छप्पन्नचा, केस पांढरे. मला बघून उठला आणि पाया पडला. "या बाई, बसा. चहा सांगतो." मी चटकन पेटी पुढे केली, जणू गृहपाठ दाखवतेय.

त्याने झाकण उघडलं आणि एकदम त्याचा चेहराच बदलला. "बाई, हा जपानी पीस आहे! हा कुठून आणलात?" मग त्याने मला दाखवलं, पट्ट्या कशा बसवल्यात, पितळ कसं आहे, आणि नंतरच्या आपल्याकडच्या वाद्यांत काय काय बदललं. मिरवणुकीचा बेंजो तो स्वतः बांधतो. लाकूड जाड घेतो, कारण पातळ पेटीला पिकअप लावला की ती शीळ घालायला लागते. तारा जाड घेतो, कारण पाच-सहा तास वाजवायचं असतं. तरी एका विसर्जनात दोन-तीनदा तार तुटतेच, म्हणून शेजारी दुसरा बेंजो लावून तयार ठेवायचा. चाल थांबली तर नाचणारे भडकतात. हे सगळं तो इतक्या मन लावून सांगत होता, की मी शिक्षिका म्हणून मनात नोंद केली, याला शिकवता येतं.

मग मी म्हणाले. घरून ठरवून आले होते तेवढं धड म्हणता आलं नाही. "त्या दिवशी वर्गात मी तुला जे बोलले होते..."

तो खुंटी फिरवत होता. मान वर न करता म्हणाला, "आठवतं ना बाई. सगळी पोरं हसली होती."

बाहेर एक टेम्पो मागे घेत होते, त्याची ती शिट्टी बराच वेळ वाजत राहिली.

"पण शाळा त्याच्यामुळे नाही सोडली हो," तो म्हणाला. "आई खानावळ चालवायची. संपात जेवणारेच गावी गेले. उधारी बुडाली. मामा एका सुपारीचे वीस रुपये द्यायचा मला. वीस रुपये म्हणजे खूप होते तेव्हा." मग थांबून, "तुम्ही विचारलं होतं ना, पोट भरणार का? भरलं बाई. दोन बहिणींची लग्नं केली. मुलगा इंजिनियर झाला, तो नाही वाजवत."

मी माफी मागितली. शब्द काय वापरले ते आता आठवत नाही. तो "राहू द्या बाई" म्हणाला नाही, "त्यात काय एवढं" असंही म्हणाला नाही. नुसती मान हलवली आणि चहा आला तो माझ्यापुढे सरकवला. मला ते बरं वाटलं, का ते नीट सांगता येणार नाही.

तारा चढवायला अर्धा तास लागला. मग त्याने पेटी माझ्यापुढे ठेवली, हातात पट्टी दिली आणि म्हणाला, वाजवून बघा. काकांना वाजवताना इतकी वर्षं पाहिलं होतं, पण मुलींच्या हातात ते वाद्य कधी दिलंच नव्हतं कुणी. मी एक बटण दाबलं, तार छेडली. नुसता खरखर आवाज. तो म्हणाला, "बटण पूर्ण दाबा. घाबरू नका, तुटत नाही." पुन्हा केलं. या वेळी सूर निघाला, स्वच्छ, आणि त्या छोट्या खोलीत बराच वेळ राहिला. त्याने चार बटणं दाखवली, सा रे ग म, आणि हीच पंधरा मिनिटं वाजवा म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

निघताना पैसे विचारले. मजुरी घेत नव्हता, मी हट्ट केला, तरी नाहीच. तारांचे तेवढे घेतले, एकशेऐंशी रुपये, आणि वीस रुपये मोजून परत दिले.

आता रोज दुपारी वाजवते. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, कोण शिकतंय हो बुलबुलतरंग? मी म्हटलं, बेंजो आहे तो.